चौदा पॉइंटांचा खिळा

26 एप्रिल 2012. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याची राजधानी लान्सिंग. राज्याच्या मतपडताळणी मंडळासमोर त्या दिवशी जो विषय होता, त्यात आकड्यांपुरता तरी वादच नव्हता. राज्यभरच्या नागरिकांनी एका कायद्यावर सार्वमत घ्या अशी मागणी केली होती. त्यासाठी 1 लाख 61 हजारांच्या आसपास सह्या लागत होत्या. गोळा झाल्या होत्या सव्वादोन लाखांहून जास्त. निवडणूक विभागानं छाननी केली आणि त्यातल्या 2 लाख 3 हजारांहून अधिक सह्या वैध धरल्या. गरजेपेक्षा चाळीस हजारांनी जास्त.

मंडळ चार जणांचं. दोन रिपब्लिकन पक्षाचे, दोन डेमोक्रॅटिक पक्षाचे. मतं पडली दोन विरुद्ध दोन. बरोबरी झाली की मंजुरी नाही, म्हणजे अर्ज नामंजूर. सभागृहात एकच गदारोळ उठला.

अर्ज अडला तो सह्यांपाशी नव्हे. बोगस नावं, मेलेल्या माणसांच्या सह्या, एकाच हातानं उमटवलेले चार अंगठे, असल्या कुठल्याही आरोपावर तो अडला नव्हता. आक्षेप होता सह्यांच्या वर, कागदाच्या माथ्यावर छापलेल्या मथळ्यावर. मिशिगनचा निवडणूक कायदा सांगतो की अशा अर्जाचा मथळा कॅपिटल अक्षरांत, ठळक, 14 पॉइंटांच्या टाइपात छापलेला असावा. विरोधी गटानं ती ओळ मोजून घेतली होती आणि त्याचं म्हणणं होतं की ही अक्षरं 14 पॉइंटांची भरत नाहीत.

दोन लाख माणसांचं म्हणणं एका ओळीच्या उंचीवर अडून पडलं. ती ओळ नेमकी किती उंच आहे, हे ठरायला पुढचे 99 दिवस लागले.

लोकांना इतक्या सह्या कशासाठी गोळा कराव्या लागल्या, ते आधी सांगायला हवं.

मार्च 2011 मध्ये राज्यपाल रिक स्नायडर यांनी एका कायद्यावर सही केली. त्या वर्षाच्या कायद्यांमधला तो चौथा, म्हणून सगळे त्याला ‘पब्लिक ॲक्ट 4’ म्हणू लागले. एखादं शहर किंवा शाळामंडळ कर्जात बुडालं, पगार द्यायला पैसे उरले नाहीत, तर राज्य सरकार तिथे आपत्कालीन प्रशासक नेमणार. प्रशासक म्हणजे काय हे महाराष्ट्रात समजावून सांगावं लागत नाही. मुंबई महापालिकेचा कारभार मार्च 2022 पासून काही वर्षं प्रशासकाच्याच हाती होता. पण आपल्याकडे प्रशासक बहुधा मुदत संपलेल्या सभागृहाच्या जागी येतो. मिशिगनमध्ये तो आला ते निवडून आलेले लोक खुर्चीत बसलेले असताना. त्यांचे अधिकार काढून घेणं, कामगारांशी झालेले करार मोडणं, मालमत्ता विकणं, हे सगळं त्याला करता येत होतं.

बेंटन हार्बर हे मिशिगन सरोवराच्या काठावरचं जेमतेम दहा हजार वस्तीचं गाव. लोक बहुतेक कृष्णवर्णीय, आणि गरीब. एप्रिल 2011 मध्ये तिथल्या प्रशासकानं हुकूम काढला की नगरसभेनं यापुढे तीनच गोष्टी करायच्या: सभा सुरू करायची, मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर करायचं, सभा संपवायची. निवडून आलेल्या माणसानं यायचं, मागच्या वेळी काहीच घडलं नाही याची नोंद कायम करायची आणि घरी जायचं. मला या हुकमात त्या कायद्याचा सगळा स्वभाव दिसतो.

कायद्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांचंही म्हणणं पोकळ नव्हतं. मोटारींचे कारखाने बंद पडले होते, लोक शहरं सोडून गेले होते, करांचं उत्पन्न आटलं होतं आणि निवृत्तिवेतनाचं ओझं वाढत होतं. डेट्रॉइटनं पुढे 2013 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, ती अमेरिकेतल्या कुठल्याही शहराची तोवरची सगळ्यात मोठी दिवाळखोरी होती. कुणीतरी कठोर निर्णय घ्यायलाच हवे होते. भांडण होतं ते निर्णय घेणाऱ्याला जाब कुणी विचारायचा यावर.

मिशिगनच्या लोकांकडे जाब विचारायचा एक जुना मार्ग होता. 1913 पासून त्या राज्यात नागरिकांना विधिमंडळाला वळसा घालून प्रश्न थेट मतपत्रिकेवर नेता येतो. सध्याचं राज्यघटनेचं कलम 1963 चं आहे आणि त्यातलं माप साधं आहे. राज्यपालपदाच्या मागच्या निवडणुकीत जितकी मतं पडली, त्यांच्या 5 टक्के सह्या आणल्या तर मंजूर झालेल्या कायद्यावर सार्वमत, 8 टक्के आणल्या तर नव्या कायद्याचा प्रस्ताव, 10 टक्के आणल्या तर घटनादुरुस्ती. 2010 मध्ये राज्यपालपदासाठी 32 लाखांच्या वर मतं पडली होती. त्यांचे 5 टक्के म्हणजे ते 1 लाख 61 हजार.

सह्यांचं असं माप आपल्याकडेही आहे, फक्त आपण त्याला त्या नावानं ओळखत नाही. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन द्यायचं, त्या सह्यांची पडताळणी व्हायची, मग मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. महाराष्ट्रातल्या कितीतरी बायकांनी ही लढाई लढली आहे आणि सह्यांचा कागद घेऊन दारोदार फिरणं म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको. दार उघडणारी बाई सही करायला तयार असते, पण आतून कुणीतरी हाक मारतं. यादीतलं नाव आणि ओठावरचं नाव वेगळं निघतं. जी म्हणते ‘उद्या या’, तिचा उद्या येतच नाही. एकेका सहीमागे असा एकेक उंबरठा असतो.

मिशिगनमध्ये हे काम ‘स्टँड अप फॉर डेमोक्रसी’ नावाच्या आघाडीनं केलं. कामगार संघटना, वस्त्यांमधले कार्यकर्ते, चर्चमधली मंडळी. नाव, पत्ता, तारीख, सही, आणि कागदाच्या तळाशी सह्या घेणाऱ्याची स्वतःची सही. 29 फेब्रुवारी 2012 ला सगळे गठ्ठे लान्सिंगला जमा झाले. आणि मग कुणीतरी मोजपट्टी काढली.

आता त्या मोजपट्टीकडे वळतो. या कथेतला खरा शोध तिथे आहे, आणि तो लावायला वकिलांना छापखान्यात जावं लागलं.

पॉइंट हे इंचाचं अगदी बारीक तुकड्यांतलं माप आहे. एका इंचात साधारण 72 पॉइंट. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये फूर्निए आणि त्याच्यामागून दिदो यांनी टाइपाची मापं अशी बांधून दिली. त्याआधी प्रत्येक ओतशाळेचं माप वेगळं असे आणि मापांना आकड्यांऐवजी नावं असत. त्यातलं ‘पायका’ हे नाव आपल्याकडच्या छापखान्यांतही पोचलं होतं. अमेरिकेतल्या टाइप ओतणाऱ्यांनी 1886 मध्ये पॉइंटाचं एक माप सगळ्यांसाठी मान्य केलं. त्या हिशोबानं 14 पॉइंट म्हणजे पाच मिलिमीटरच्या किंचित आत.

अर्जाचा मथळा हातात घ्या, त्यातलं कॅपिटल अक्षर पट्टीनं मोजा. पाच मिलिमीटर कुठे भरतात? अक्षर भरतं तीन मिलिमीटरच्या थोडं वर. आक्षेप घेणाऱ्यांना विजय डोळ्यांसमोर दिसत होता. कायद्यात आकडा स्पष्ट होता, अक्षर आखूड होतं.

अर्जदार सांगत होते की संगणकावर आम्ही 14 हाच आकडा निवडला होता. टाइप होता कॅलिब्री. लुकास द ग्रूट या डच अक्षरकारानं मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेला आणि 2007 पासून त्या काळी ऑफिसमध्ये न मागता समोर येणारा. कोट्यवधी पत्रं आणि अर्ज ज्या टाइपात लिहिले गेले, तोच हा. शिवाय तो अंगानं बारीक. एरियलमधलं 14 आणि कॅलिब्रीमधलं 14 शेजारी ठेवलं तर कॅलिब्री धाकटा भाऊ वाटतो. मग 14 म्हणजे नेमकं कशाचं 14?

उत्तर शिशाच्या ठोकळ्यात होतं.

मराठीत टाइपाला खिळा म्हणतात. खिळे जुळवणारा तो जुळारी. पुस्तकांच्या पहिल्या पानांवर ‘अक्षरजुळणी’ हा शब्द आपण अजून छापतो, जुळवायला हातात काही उरलेलं नसलं तरी. खिळा म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचा एक छोटा चौकोनी खांब. त्याच्या माथ्यावर उलटं अक्षर उठवलेलं असतं. जुळारी असे खिळे एकापुढे एक उभे करून ओळ बांधतो, ओळींचं पान बांधतो आणि सगळं लोखंडी चौकटीत आवळून टाकतो. आवळता तेव्हाच येतं, जेव्हा ओळीतला प्रत्येक खिळा तंतोतंत सारख्या मापाचा असतो. एक जरी केसभर कमी असला तर तो सैल राहतो आणि यंत्राखाली निसटतो. म्हणून छापखान्याला माप हवं असतं ते खांबाचं. त्याच्या माथ्यावर अक्षर केवढं उठवलंय यानं पान आवळलं जात नाही.

आणि अक्षर कधीच सगळा माथा व्यापत नाही. इंग्रजीतल्या धाकट्या लिपीत जी, पी, वाय यांच्या शेपट्या ओळीखाली लोंबतात. त्यांच्यासाठी खाली जागा राखावी लागते, वर थोडी मोकळीक ठेवावी लागते. कॅपिटल एचला शेपूट नाही. तो ओळीवर उभा राहतो आणि त्याच्या पायाखालची जागा रिकामीच राहते. 14 पॉइंटांच्या ठोकळ्यावरचं कॅपिटल अक्षर त्यामुळे सुमारे दोन तृतीयांश उंचीचं भरतं. उरलेलं एक तृतीयांश कागदावर कधी उमटतच नाही. ते धातूत असतं, शाईला ते दिसत नाही.

मराठी माणसाला हे अनुभवानं ठाऊक आहे. इंग्रजी पत्र 12 पॉइंटांत नीट वाचता येतं आणि त्याच 12 पॉइंटांतलं मराठी डोळ्यांना बारीक लागतं. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार बसवायचे असतात, खाली उकार आणि रुकार. एवढं सगळं त्याच ठोकळ्यात मावायचं म्हणजे मधल्या क, म, लला अंग चोरून बसावं लागतं. ठोकळा तेवढाच, अक्षर लहान.

शिशाचे खिळे गेले, संगणक आले, पण माप बदललं नाही. पडद्यावर आपण 14 निवडतो, तेव्हा एक न दिसणारा ठोकळाच निवडत असतो. कॅलिब्रीचं 14 तितकंच 14 होतं, जितकं दुसऱ्या कुठल्याही टाइपाचं. पट्टीनं शाई मोजणारे लोक अक्षर मोजत होते. कायद्यात लिहिलं होतं ‘टाइप’.

एप्रिलमध्ये हे इतकं उघड नव्हतं. प्रकरण आधी गेलं अपिलाच्या न्यायालयात, आणि तिथे जून महिन्यात एक विचित्र गोष्ट घडली. 2002 चा एक जुना निकाल होता: अर्जातल्या बारीक चुकांसाठी लोकांची मागणी फेकून देऊ नये, कायद्याचा गाभा पाळला गेला असेल तर पुरे. तीन न्यायाधीशांनी म्हटलं की हा निकाल आम्हाला बांधून ठेवतो, म्हणून अर्ज मंजूर करावा लागेल, पण आमच्या मते तो निकालच चुकीचा आहे. त्यांनी इतर सहकाऱ्यांना विचारलं, मोठं पीठ बसवून तो बदलायचा का? सहकाऱ्यांनी नकार दिला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 25 जुलैला युक्तिवाद झाले. नोव्हेंबरच्या मतपत्रिका छापायची वेळ जवळ येत होती.

सात न्यायमूर्ती. चार रिपब्लिकन पक्षानं पुढे केलेले, तीन डेमोक्रॅटिक पक्षानं. प्रत्येकाला वाटत होतं की निकाल काय लागणार ते दिसतंच आहे.

3 ऑगस्टला मुख्य निकालपत्र आलं ते न्यायमूर्ती मेरी बेथ केली यांचं. त्या रिपब्लिकन चौघांमधल्या. निकालपत्राचा पहिला भाग वाचताना सह्या गोळा करणाऱ्यांच्या पोटात गोळा आला असणार. कायदा म्हणतो असावंच, तर असायलाच हवं. गाभा पाळला म्हणून चालणार नाही. 2002 चा निकाल रद्द. यावर पक्षातले तिघे सहकारी त्यांच्या बाजूनं होते. चार विरुद्ध तीन.

मग दुसरा भाग. काटेकोर पाळायचं तर शब्दही काटेकोर वाचायला हवा. टाइप म्हणजे काय? शब्दकोश सांगतो, माथ्यावर उठाव असलेला ठोकळा. मग 14 पॉइंटांचा टाइप म्हणजे 14 पॉइंटांचा ठोकळा. छापून आलेल्या अक्षराची उंची हा मुद्दाच नव्हे. अर्ज कायद्याच्या मापात बसतो, म्हणून तो मतपत्रिकेवर जावा. आता रिपब्लिकन तिघे विरुद्ध गेले आणि डेमोक्रॅटिक तिघे सोबत आले. त्यांना काटेकोरपणाचा आग्रह मान्य नव्हता, पण अर्ज मंजूर व्हावा हे मान्य होतं. पुन्हा चार विरुद्ध तीन.

एकाच दिवशी, एकाच प्रकरणात दोन वेगवेगळी बहुमतं, आणि दोन्हींत सामाईक अशी एकच व्यक्ती. ज्या काटेकोरपणाच्या जोरावर अर्ज फेकायचा बेत होता, त्याच काटेकोरपणानं शब्द खोदल्यावर खाली शिशाचा खिळा सापडला. मी हा निकाल वाचला तेव्हा एखाद्या गुप्तहेरकथेच्या शेवटी होतो तसा आनंद मला झाला. उत्तर पहिल्या पानापासून डोळ्यांसमोर होतं, कायद्याच्याच ओळीत.

पण आनंदात एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये. लोक जिंकले, आणि जिंकता जिंकता त्यांच्या हातून जुनी सवलत गेली. त्या दिवसापासून मिशिगनमध्ये सार्वमताचा अर्ज नियमाला तंतोतंत धरून असायला हवा. ज्याच्याकडे वकील आहे, छपाई तपासणारा माणूस आहे, त्याला हे परवडतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून अर्ज तयार करणाऱ्यांना ते महाग पडतं.

दहा वर्षांनी तेच मंडळ पुन्हा दोन विरुद्ध दोन झालं, तेही अक्षरांवरून. 2022 मध्ये गर्भपाताचा हक्क घटनेत घालण्यासाठी साडेसात लाखांवर सह्या जमा झाल्या. लागत होत्या सव्वाचार लाख. आक्षेप असा की अर्जातल्या मजकुरात काही शब्दांच्या मधली मोकळी जागा छपाईत पडलीच नाही, शब्द एकमेकांना चिकटले. यावेळी सर्वोच्च न्यायालयानं आठ दिवसांत, पाच विरुद्ध दोन मतांनी अर्ज मतपत्रिकेवर पाठवला. सगळे शब्द त्याच क्रमानं आहेत, एवढं पुरे. नोव्हेंबरमध्ये प्रस्ताव जवळपास 57 टक्के मतांनी मंजूर झाला. खिळ्यांच्या छापखान्यात ही चूक हाताला जाणवली असती, कारण तिथे मोकळी जागा हीसुद्धा एक वस्तू असे. अक्षर नसलेला, माथ्यानं बुटका, शिशाचाच खिळा.

2012 कडे परत. 8 ऑगस्टला अर्ज मंजूर झाला आणि घटनेनुसार पब्लिक ॲक्ट 4 मतदानापर्यंत स्थगित झाला. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर एकूण सहा प्रस्ताव होते, पाच घटनादुरुस्त्यांचे आणि एक हा. मिशिगनच्या मतदारांनी सहाही नाकारले. या प्रस्तावात नाकारणं म्हणजे कायदा मोडीत काढणं होतं. जवळपास 53 टक्के लोकांनी नको म्हटलं आणि कायदा गेला.

डिसेंबर संपायच्या आत नवा कायदा आला. पब्लिक ॲक्ट 436. त्यात काही सौम्य गोष्टी होत्या, संकटात सापडलेल्या शहराला चार पर्यायांतून निवड करता येणार होती. पण आपत्कालीन प्रशासक परत आला होता, त्याच्या मोठ्या अधिकारांसकट.

पुन्हा सह्या गोळा करू, असं मनात येणं साहजिक होतं. तेव्हा लोकांनी नवा कायदा उघडून वाचला आणि दुसरा शोध लागला, पहिल्यापेक्षा कडू. कायद्यात सरकारी खर्चासाठी काही रक्कम मंजूर केली होती. खर्चाची तरतूद. वाचताना डोळा जिथे अडखळतही नाही असा मजकूर. पण मिशिगनची घटना सांगते की राज्याच्या संस्थांसाठी पैसे मंजूर करणाऱ्या कायद्यावर सार्वमत मागता येत नाही. ही तरतूद मुळात शहाणपणाची आहे. सरकारी कारभाराचा पैसा दरवेळी सह्यांवर लोंबकळत राहू नये. पण 2001 मध्ये, बंदूक बाळगण्याच्या परवान्यांबद्दलच्या एका कायद्यावरून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवून टाकलं होतं की कायद्यात पैशाची तरतूद असली की तो सार्वमताच्या बाहेर. त्या कायद्यात राज्य पोलिसांसाठी 10 लाख डॉलर होते.

म्हणजे 5 टक्के सह्या आणा, 50 टक्के आणा. मथळा 14 पॉइंटांचा छापा, नाहीतर 40 पॉइंटांचा. या दारावर सही चालतच नव्हती. एप्रिलमध्ये अक्षराची उंची मोजणाऱ्यांना निदान सह्या मोजाव्या तरी लागल्या होत्या. मला ही गोष्ट अजून टोचते. लोकांचा अधिकार रद्द करायचा तर खुल्या चर्चेत रद्द करावा लागतो, त्याची लाज वाटते, उत्तर द्यावं लागतं. इथे तो अधिकार घटनेत जसाच्या तसा राहिला आणि त्याचा उपयोग तेवढा संपला.

मार्च 2013 मध्ये डेट्रॉइटलाही प्रशासक आला. त्या काळात मिशिगनमधले जवळपास निम्मे कृष्णवर्णीय नागरिक अशा शहरांत राहत होते, जिथे त्यांनी निवडून दिलेल्या माणसाच्या वर कुणी दुसराच बसलेला होता.

आणि फ्लिंट. लाखभर वस्तीचं शहर, जनरल मोटर्सचं जन्मगाव. 1967 पासून तिथे डेट्रॉइटहून ह्युरॉन सरोवराचं पाणी येत असे. नवी जलवाहिनी व्हायची होती. ती होईपर्यंत पैसे वाचवायला 25 एप्रिल 2014 रोजी शहराचं पाणी फ्लिंट नदीवर वळवलं गेलं. शहर प्रशासकाच्या ताब्यात होतं. पाणी वळवण्याचं बटण दाबायला महापौर होते, आणि नगरसभेनं वर्षभर आधी नव्या जलवाहिनीच्या बाजूनं मत दिलं होतं, हेही खरं. पण नदीचं पाणी प्यायचा निर्णय नगरसभेचा नव्हता. हे पुढे राज्यपालांनीच नेमलेल्या पाच जणांच्या चौकशी गटानं मार्च 2016 च्या अहवालात लिहिलं. निवडून आलेल्यांनी नव्हे, आपत्कालीन प्रशासकांनी तो निर्णय घेतला, आणि जिथे कुणीतरी थांबवायला हवं होतं तिथे थांबवणारं कुणी उरलं नव्हतं.

नदीचं पाणी नळांना खात होतं. गंज रोखणारं रसायन त्यात घातलंच नव्हतं. जुन्या घरांकडे जाणारे नळ शिशाचे, आणि ते शिसं पाण्यात उतरू लागलं. ऑक्टोबर 2014 मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्यानं हे पाणी घेणं थांबवलं, यंत्राचे भाग गंजत होते म्हणून. माणसं पीत राहिली. फेब्रुवारी 2015 मध्ये एका घरातल्या नळाच्या पाण्यात शिशाचं प्रमाण अब्जात 104 भाग निघालं. सरकारनं हालचाल करावी अशी मर्यादा तेव्हा होती 15. सप्टेंबरमध्ये बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अतिशा यांनी मुलांच्या रक्ताचे अहवाल जगापुढे ठेवले. रक्तात जास्त शिसं असलेल्या मुलांचं प्रमाण पाणी बदलल्यापासून दुप्पट झालं होतं.

त्या अहवालांच्या सहा महिने आधी, 23 मार्च 2015 च्या संध्याकाळी फ्लिंटची नगरसभा भरली. लोक घरून बाटल्यांत भरून आणलेलं तांबूस पाणी गेले कित्येक महिने दाखवत होते. ठराव मांडला गेला की नदीचं पाणी बंद करा आणि डेट्रॉइटचं पाणी परत आणा. बाजूनं सात मतं, विरुद्ध एक. प्रशासकानं ठराव मानला नाही. डेट्रॉइटचं पाणी महाग पडेल, नदीचं पाणी सुरक्षित आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. फ्लिंटच्या नळांना 16 ऑक्टोबरपर्यंत नदीचंच पाणी येत राहिलं.